पंखा फिरवा

आधीच सांगते, माझे अक्षर वाईट आहे आणि शुद्धलेखन त्याहून वाईट. चौथी झाल्यावर शाळा सुटली. त्यानंतर वाण्याची यादी आणि धोब्याचे कपडे यापलीकडे मी फारसे काही लिहिले नाही. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे ते मला अजून कळत नाही, हात जाईल तसे लिहिते. कोणी वाचलेच तर त्याने सांभाळून घ्यावे. तशी कोणी वाचू नये म्हणूनच ही वही मी तांदळाच्या डब्यामागे ठेवते.

लिहायला बसले ती रागाने. परवा आमच्याकडे ह्यांच्या कारखान्यातले पाहुणे आले होते. त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीतला पंखा पाहिला आणि फार कौतुक केले. तर आमचे हे म्हणाले, "घर दुरुस्त करतानाच मी ठरवलं होतं. हवा खेळती राहायची तर यंत्र पाहिजे. नुसत्या खिडक्यांनी भागत नाही." शेजारचे निवृत्त ओव्हरसियर तिथेच बसले होते. तेही मान हलवून म्हणाले, "जागा मी दाखवली हो."

मी पोहे परतत होते. चारचौघांत बोलणे मला जन्मात जमले नाही. तेव्हा खरे काय झाले ते इथे तरी लिहून ठेवते.

आमचे डोंबिवलीचे घर सासऱ्यांनी बांधलेले. तीन खोल्या, पुढे पडवी, वर कौले. स्वयंपाकघर सगळ्यात मागे आणि त्याच्यामागे बोळ. त्या बोळात ओळीने सगळ्या घरांचे टोपलीचे संडास. बोळाकडची खिडकी सासूबाईंनी कधी उघडू दिली नाही आणि त्यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. पण खिडकी बंद असूनही धुराचा त्रास आम्हाला कधी झाला नव्हता. कौलांच्या फटी होत्या, मागची भिंत कुडाची होती. चूल पेटली की धूर वर जायचा आणि कौलांतून निघून जायचा. मी विहिरीवरून पाणी घेऊन यायचे तेव्हा लांबूनच दिसायचे, सगळे छप्पर भात शिजल्यासारखे वाफाळलेले असायचे.

स्वराज्य मिळून पाच-सहा वर्षे झाली असतील. आमच्या आळीत वीज आली आणि ह्यांच्या डोक्यात घर नवे करायचे आले. तक्रारी होत्याच. कौलांतून धूळ पडायची, उंदरांच्या लेंड्या पडायच्या, पावसाचे तुषार अंथरुणावर यायचे. ह्यांनी साठवलेले सगळे पैसे बाहेर काढले. कौलांखाली फळ्यांची तक्तपोशी ठोकली आणि तिला पिवळा तेलरंग दिला. कुडाची भिंत पाडून विटांची केली, वर सिमेंटचा गिलावा. खिडक्यांना काचेची तावदाने, दाराच्या फटींना पट्ट्या. सगळे झाल्यावर ओव्हरसियर काठी ठोकत घरभर फिरले आणि म्हणाले, "वा! आता मुंगीसुद्धा आत शिरायची नाही."

मुंगीचे माहीत नाही. धूर मात्र बाहेर जायचा राहिला.

पहिल्या दिवशी चूल पेटवली तेव्हाच मला कळले. धूर वर गेला, फळ्यांना लागला, थोडा वेळ तिथे इकडेतिकडे पसरला आणि सावकाश खाली आला. मग माझ्या डोक्यापर्यंत, मग खांद्यापर्यंत. मी उभ्याने करायची कामेसुद्धा खाली बसून करू लागले, कारण जमिनीपाशी तेवढा श्वास घेता येत होता. महिन्याभरात तो पिवळा रंग काळा झाला. हे म्हणाले, "ओली लाकडं घालतेस तू." मी कोरडी लाकडे घातली. मग म्हणाले, "फुंकणी नीट मारत नाहीस." पंधरा वर्षांची होते तेव्हापासून त्याच फुंकणीने चूल फुंकत होते मी!

आमची मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. ती सारखी माझ्यामागे स्वयंपाकघरात. तिला खोकला लागला. आधी साधा, मग असा की खोकून खोकून तोंड निळे पडायचे. डॉक्टरांनी छाती तपासली, घरात चूल कुठे आहे विचारले आणि स्पष्ट सांगितले, "औषध देतो, पण औषधाने काही होणार नाही. घरातला धूर काढा, नाहीतर मुलीला त्या घरातून काढा."

माझी मोठी बहीण कल्याणला राहते. तिला मूलबाळ नाही. तिचा स्वयंपाक मागच्या अंगणात मोकळ्या पडवीत. ती दुसऱ्या दिवशी आली आणि पोरीला कडेवर घेऊन म्हणाली, "पंधरा दिवस राहू दे माझ्याकडे. तोवर तुमचा धूर काढा."

धूर काढायचा कसा, यावर मग आमच्या पडवीत बैठका सुरू झाल्या. हे, सासूबाई आणि ओव्हरसियर. मी दाराआड.

हे म्हणाले, "तक्तपोशीच्या चार फळ्या काढू."

सासूबाई म्हणाल्या, "आणि पुन्हा उंदीर नैवेद्यात? मग ठोकल्या कशाला?"

"धुराडं बांधू."

ओव्हरसियर म्हणाले, "नव्या कौलाला भोक पाडलंत की पहिल्या पावसात तिथून धार लागली समजा. मी तीस वर्षं हेच पाहिलं."

"मग रॉकेलचा स्टोव्ह आणू."

"आण," सासूबाई म्हणाल्या. "मी फळं खाऊन राहीन. रॉकेलच्या वासाचा भात माझ्या घशाखाली उतरायचा नाही."

"मग आई, बोळाची खिडकी तरी उघडूया."

यावर सासूबाईंनी नुसते ह्यांच्याकडे पाहिले.

पंधरा दिवस असे गेले. शेवटी हे म्हणाले, "आमच्या कारखान्यात भिंतींत दांडगे पंखे बसवलेत. वास, वाफ, सगळं बाहेर फेकतात. तसा लहान पंखा मिळतो म्हणतात ठाण्याच्या बाजारात."

मला वाटले, झाले एकदाचे. पण लगेच हेच म्हणाले, "पण ते घरासाठी नाही. उगाच चैन. बाकीच्या बायका करतात ना चुलीवर स्वयंपाक?" ओव्हरसियर म्हणाले, "विजेचं बिल बघा मग." सासूबाई म्हणाल्या, "पंखा वारा घालतो. वारा घातला तर चूल आणखी भडकेल, नाही का?" आणि सगळे चहाकडे वळले. बाकीच्या बायकांच्या घराला तक्तपोशी नव्हती, ही गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नव्हती. माझ्या येत होती, पण मला कोण विचारतो आणि विचारले तरी मी कुठे बोलते!

असे दोन महिने गेले. दर रविवारी मी कल्याणला जायचे. पोरीचा खोकला पार गेला होता. गाल वर आले होते. ताई तिच्या वेण्या घालत होती. मी ओट्यावर बसले आणि कसेबसे म्हटले, "ह्यांच्याकडे आता पैसे उरले नाहीत. पंख्याला आणि तारा ओढायला मिळून नव्वद रुपये लागतील म्हणतात."

ताई आत गेली आणि भिशीचे नव्वद रुपये आणून माझ्या हातावर ठेवले. "हे घे. सवडीने दे. पंखा बसला की पोर घेऊन जा." मग वेणीला रिबीन बांधता बांधता हसून म्हणाली, "आणि नाही बसला तर राहू दे बाई माझ्याकडेच. जूनमध्ये मी शाळेत घालते."

ती हसली, पण ते थट्टेतले हसणे नव्हते. मला ताईचा राग आला, आणि पैसे तिचेच घेतले म्हणून स्वतःचाही आला.

पैसे ह्यांच्या हातात दिले तेव्हा चैन वगैरे सगळे विसरून ते ठाण्याहून पंखा घेऊन आले. काळ्या लोखंडी चौकटीतला, ताटाएवढा. वायरमन जवळच्याच गावचा होता. तो आला त्या दिवशी हे कारखान्यात. ओव्हरसियरनी काठीने भिंतीवर जागा दाखवली आणि ते जेवायला गेले. वायरमनने बोळाकडच्या भिंतीत भोक पाडले, पंखा उचलला आणि सासूबाईंना विचारले, "आजी, याचं तोंड कंच्या अंगाला करू? घरात का भायेर?"

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे काय? वारा आम्हाला हवा की बोळाला?"

"तसं नाय, काही लोक भायेर करतान."

"करत असतील. पैसे मोजून बोळाला वारा घालण्याइतके आम्ही श्रीमंत नाही. तोंड घरात कर."

मी दाराआड उभी होते. मला तेव्हाच वाटले की हे उलटे होते आहे. कारखान्यातले पंखे बाहेर फेकतात असे मी ऐकले होते. पण परक्या माणसासमोर सासूबाईंचे म्हणणे खोडून काढायचे? मी पदर सावरला आणि वायरमनसाठी चहा ठेवला. आजही आठवले की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

बटन दाबले. पंखा गरगर फिरला आणि सगळा बोळ आमच्या घरात आला. तो वास लिहिता येणार नाही. त्या वाऱ्याने चुलीचा धूर थेट माजघरात गेला, देवघरातले निरांजन विझले. सासूबाई सोवळ्यात नैवेद्याचे ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते ताट तसेच खाली ठेवले आणि नाकाला पदर लावून म्हणाल्या, "बंद कर. बंद कर ते! बोळाचा वारा देवाच्या नैवेद्यावर!"

संध्याकाळी हे आले. त्यांनी बटन दाबून पाहिले आणि नाक मुरडले. पंख्याचे तोंड कुठे आहे हे एकदा पाहावे, एवढेही सुचले नाही. म्हणाले, "कारखान्याचे पंखे मोठे असतात. लहान पंख्यात ती ताकद नाही." ओव्हरसियरनी तर कारणही शोधून काढले. "बोळ अरुंद आहे. वारा समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो. शास्त्रच आहे ते." तीन दिवस पंखा लावून पाहिला आणि चौथ्या दिवशी त्या भोकात गोणपाट कोंबले.

नव्वद रुपये गोणपाटाखाली गेले आणि धूर होता तिथेच.

पुढच्या रविवारी कल्याणला गेले तेव्हा पोरगी धावत आली आणि आत तोंड करून ओरडली, "आई गं, डोंबिवलीची आई आली!" ताईने ऐकले नसल्यासारखे केले. मीही केले. परत येताना मात्र मी ठरवले की आता जूनच्या आत काहीतरी करायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई कीर्तनाला गेल्या होत्या. मी गोणपाट काढले, विजेची भीती म्हणून पाटावर उभी राहिले आणि लाटण्याने बटन दाबले. उदबत्ती पेटवून पंख्यासमोर धरली. धूर माझ्या तोंडावर आला. मग मी बटन बंद केले, उदबत्ती घेऊन मागच्या दाराने बोळात गेले आणि नाक दाबून भोकाच्या बाहेर उभी राहिले. घरात पंखा बंद, मग काय दिसणार? पुन्हा आत आले, बटन दाबले, पुन्हा बोळात. आता उदबत्तीचा धूर भोकात ओढला जात होता. सरळ, जरासुद्धा इकडेतिकडे न जाता. समोरच्या भिंतीवर काही आपटत नव्हते. पंखा बाहेरचे आत घेत होता आणि त्याचे काम चोख करत होता. आम्हीच त्याला उलटा बसवला होता.

हे ह्यांना सांगायचे कसे? सासूबाईंसमोर मी ह्यांच्याशी बोलत नसे आणि हे घरी असताना त्या नाहीत अशी वेळ मिळत नसे. म्हणून मी कागदाच्या चिठोऱ्यावर दोन शब्द लिहिले आणि ह्यांच्या डब्यात पोळ्यांवर ठेवले. "पंखा फिरवा."

संध्याकाळी डबा परत आला. हे पायसुद्धा न धुता स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहिले. "अगं, डब्यात चिठ्ठ्या काय घालतेस? माझ्याबरोबर जेवणाऱ्यांनी वाचली! दिवसभर मला 'पंखा फिरवा, पंखा फिरवा' म्हणत होते. आणि फिरवला नव्हता का? तीन दिवस फिरवून पाहिला ना? आणखी किती फिरवायचा?"

मला म्हणायचे होते की तोंड दुसरीकडे फिरवा. ह्यांनी वाचले की पंखा चालू करा. शब्द एकच. चौथीपर्यंत मला शिकवले होते एका शब्दाचे अर्थ दोन, पण नेमका तोच प्रसंग माझ्यावर यावा! मी तोंड उघडले, तर सासूबाई मागून म्हणाल्या, "तिला त्या पंख्याचं वेड लागलंय." आणि मी डबा घासायला घेतला.

बरे, चिठ्ठीचा एवढाच परिणाम झाला असता तरी चालले असते. पण ती थट्टा ह्यांना लागली आणि त्यांनी पंखा विकायचे ठरवले. वायरमनने ठाण्याला एक खाणावळवाला शोधला. चाळीस रुपये देतो म्हणाला. म्हणजे नव्वदातले पन्नास बुडालेले, पोर कल्याणला, आणि धूर माझ्या खांद्यापर्यंत.

वायरमन पंखा काढायला आला तेव्हा पुन्हा दुपारच होती, पुन्हा हे कारखान्यात. सासूबाई माजघरात वाती वळत होत्या. त्याने गोणपाट उपसले आणि पहिला स्क्रू सैल केला.

मी दाराआडून बाहेर आले. म्हटले, "काढू नका. फिरवा."

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी त्याच्याशी याआधी एक शब्द बोलले नव्हते. "फिरवू? वयनी, मग बटन दाबा ना."

पुन्हा तेच! मला इतका संताप आला की लाजच गेली. "तसं नाही हो! अख्खा पंखा फिरवा. पाठ इकडे करा. तोंड बोळाकडे."

माजघरातून सासूबाईंचा आवाज आला. "काय चाललंय? बोळाला वारा घालायचाय का?"

"हो," मी म्हटले. "बोळालाच घालायचाय."

वाती वळायचा आवाज नसतोच, पण तो थांबल्यासारखे मला वाटले. वायरमनने एकदा माजघराकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. मग हळूच म्हणाला, "मी तवाच बोललो होतो, काही लोक भायेर करतान." आणि त्याने पंखा उलटा केला.

मी चूल पेटवली. धूर उठला, तक्तपोशीपर्यंत गेला, तिथे थोडा घुटमळला आणि मग सगळाच्या सगळा तिरका होऊन त्या भोकाकडे निघाला. पुढच्या दारातून थंड हवा आत येऊ लागली. सासूबाई उठून आल्या. बराच वेळ बघत उभ्या राहिल्या. मग कोपऱ्यातले एक ओले लाकूड उचलले आणि स्वतः चुलीत सारले. काळाभोर धूर झाला. तोही गेला. तेव्हा म्हणाल्या, "आवाज फार करतं मेलं," आणि वातींकडे परत गेल्या. त्यानंतर त्यांनी पंख्याला कधी नावे ठेवली नाहीत. फक्त सोवळ्यात असताना बटनाला बोट लावायच्या नाहीत, मला हाक मारायच्या, "ते तुझं यंत्र लाव गं."

हे संध्याकाळी आले, वर पाहिले, खाली पाहिले, दोनदा श्वास घेतला. म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं? कारखान्यातही असेच असतात." मी ताट वाढले.

मुलीला आणायला गेले तेव्हा ती माझ्याकडे येईना. ताईच्या लुगड्याला धरून रडली. ताईच शेवटी रागावून म्हणाली, "जा बघू. धूर गेलाय तिकडचा." आणि तिची परकर-पोलकी घडी करून पिशवीत घालत बसली. एकदा घातलेली पुन्हा काढून पुन्हा घडी केली. डोंबिवलीत आल्यावर पोरगी आठ दिवस फुरंगटून होती. पण खोकली नाही.

राहिले नव्वद रुपये. ह्यांनी ते फेडायचे नावच काढले नाही. एकदा विचारले तर म्हणाले, "तुझ्याच बहिणीचे ना? ती कुठे मागतेय?" म्हणून मी शेजारणींची झबली, परकर शिवू लागले. महिन्याला पाच रुपये सुटायचे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलीला घेऊन कल्याणला जायचे आणि पाच रुपये ताईच्या हातावर ठेवायचे. ताई दर वेळी म्हणायची, "घाई काय आहे? पुढच्या महिन्यात दे." मी ऐकले नाही. ताईने मागितले नाही तरी ते मला तिच्याकडे ठेवायचे नव्हते. त्या पैशांबरोबर आणखी काहीतरी तिच्याकडे राहिले आहे असे मला उगाच वाटत राहायचे.

अठरा महिने लागले. शेवटच्या रविवारी मी पाचाची नोट दिली. ताईने ती घेतली, डब्यात टाकली आणि मुलीला जवळ ओढून तिचे केस विंचरायला घेतले. विंचरता विंचरता माझ्याकडे न बघता म्हणाली, "झाले ना आता सगळे?"

"झाले," मी म्हटले. "नव्वदच्या नव्वद."